छत आमचं, बादली तुमची

इमारत शहराची, शाळा त्यांची.
करारात हे पहिल्याच पानावर आहे.
पुढची एकेचाळीस पानं
याच वाक्याला फुटलेले फाटे:
छत आमचं. छतातून ठिबकणारं पाणी
जमिनीला टेकेपर्यंत आमचं,
टेकल्यावर त्यांचं.
भिंतीतला पाइप आमचा,
भिंतीबाहेर डोकावणारी तोटी त्यांची.
पाच हजार डॉलरच्या आतलं भाडेकरूनं बघायचं,
वरचं मालकानं.

मी मालकाकडची.
बाल्टिमोर शहराच्या खात्यात बारा वर्षं
इमारतींची दुखणी लिहिते.
टॉर्च, ओल मोजायचं यंत्र,
आणि बघताक्षणी मुख्याध्यापिका
खुर्चीतून उठून उभी राहते, असा चेहरा.

विटांची जुनी शाळा. दारं दोन.
एकावर दगडात कोरलंय ‘मुली’, दुसऱ्यावर ‘मुलगे’.
मुलींचं दार फुगून कायमचं बसलंय,
म्हणून सगळ्याच मुली
मुलग्यांच्या दारातून शिकायला येतात.
तिसऱ्या मजल्यावर पोपडे, वाचनाच्या खोलीत बादली.
चार वर्षं मी तिच्यासमोर एकच शेरा मारते:
‘प्रस्तावित’.
भिजत घोंगडं म्हणतात ते हेच,
फक्त ते इतकं शब्दशः भिजेल
असं वाटलं नव्हतं.

तळघरात डेल्फस टॅरंट.
एकतीस वर्षांत त्याच्या पगाराच्या चेकवरचं नाव
तीनदा बदललं. बॉयलर तोच.
पहाटे पाचला तो पाइपावर पाना आपटतो,
कान लावून ऐकतो,
आणि मग वर जाऊन दिवे लावतो.

फेब्रुवारीत पंप गेला.
प्लंबरनं आकडा दिला: चार हजार आठशे सत्तर.
म्हणजे त्यांचा.
मिस व्हिटफील्डनं वही उघडून माझ्याकडे फिरवली.
चार हजार होते, आणि त्यांच्यापुढे
वाचन शिकवणाऱ्या बाईंचा मार्च लिहिलेला.
ती काही बोलली नाही. वही मिटली.

वर्गात मुलं कोटातच.
हातमोज्यांच्या बोटांत पेन्सिल धरून
एक मुलगी भागाकार करत होती,
बाकी उरली ती फुंकर मारून पुसत होती.
झमीरा तिचं नाव. म्हणाली,
‘तूच का मालकीण?’
मी म्हटलं, नाही.
मग थोड्या वेळानं म्हटलं, तशी थोडीशी.
‘मग थोडंसं गरम कर.’

खाली डेल्फस व्हॉल्ववर हात ठेवून उभा.
‘हाही म्हातारा झालाय,’ म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी टॉर्च मारला.
व्हॉल्व ठणठणीत होता.
दोनशे दहा डॉलर.

मी लिहिला.

पाच हजार ऐंशी. आता ते आमचं झालं.
आणि आमचं झालं म्हणून
सह्यांना अकरा दिवस लागले.
ते अकरा दिवस मी कुणाच्या नावावर मांडू?
मुलं कोटातच होती.
बाराव्या दिवशी पाइप खणखणले,
कुणीतरी आतून दार वाजवावं तसे,
आणि वाचनाच्या खोलीच्या काचा
आतून धुकटल्या.

जुना व्हॉल्व डेल्फसनं फेकला नाही.
पुसून फळीवर ठेवलाय, चहाच्या कपाशेजारी,
अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.
तो मुद्दाम ठेवलाय का, हे मी विचारत नाही.
लेखापरीक्षण ऑक्टोबरात आहे.
काय सांगायचं याची तीन उत्तरं माझ्याकडे तयार आहेत.
तिन्ही खोटी नाहीत, एवढंच.

परवा वर गेले. बादली काठोकाठ.
पाणी जमिनीला टेकलेलं नव्हतं,
छतातही नव्हतं.
अशा पाण्याबद्दल करारात कलम नाही.
मी कडी धरली, वाकून उचलली,
जिन्यापाशी थोडं हिंदकळलं,
बूट भिजला.
मोरीत ओतून बादली परत जागेवर ठेवली.
शेऱ्याच्या रकान्यात
या वेळी काय लिहावं ते सुचेना,
तोवर बादलीच्या तळाशी
पहिला थेंब वाजला.