तीन प्रतींत

कलेक्टर कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली
एकतीस वर्षं मी अर्ज टाइप करतो.
पानाला चाळीस रुपये, कार्बनचे वेगळे.
बोटं काळी राहतात. बायको म्हणते,
कोळशाच्या वखारीत असता
तर निदान पाटीभर घरी तरी आला असता.

महिन्याचा पहिला सोमवार, लोकशाही दिन.
बालामणी येमूल आल्या, पूर्व भागातल्या,
विडी युनियनच्या.
मराठी बोलतात तेलुगू चालीवर,
मोजतात मात्र झोपेतही बिनचूक:
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार,
वर कारखानदारानं फेकलेली छाट.
मागे एक बाई, डोक्यावरून पदर.
'कोरब्याकडची हाय. सुकवारो. हिचं लिहा.'

ओळख पानामुळं झालेली.
सुकवारो काम मागत गल्लीत शिरली,
एका उंबऱ्यात भिजवलेल्या पानांचा वास आला
आणि ती तिथंच खाली बसली.
हीच पानं ती लहानपणी जंगलात तोडायची,
पन्नास-पन्नासाच्या गड्ड्या बांधायची.
कुठं जातात, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

टाइप करता करता कळत गेलं ते असं:
नवरा दुकालू. दुष्काळात जन्मला म्हणून दुकालू.
दोन एकर धान, धानाखाली कोळसा.
खाण आली. पंचनामा झाला.
नोकरीचं कार्ड येणार येणार म्हणत सासरा गेला.
रस्त्यावर बसले त्यांच्यावर केसेस,
दुकालूवर दोन.
मग ज्या रुळांवरून शेत गेलं
त्याच रुळांवरून तो निघाला, मुकादमामागं,
आमच्या शहराबाहेरच्या सायडिंगला,
वाघिणीत थिजलेला कोळसा सळईनं पाडायला.
एखाद्या वाघिणीत आपलंच शेत असेल,
असं बायकोला म्हणायचा. हसून.

'तारीख?'
'अठरा जुलै.'
'साक्षीदार?'
'पंधरा. चौदा जणांना मुकादमानं
त्याच रात्री परतीच्या गाडीत बसवलं.'
'हजेरीपत्रक?'
बालामणींनी पिशवीतून झेरॉक्स काढली.
कुठून मिळवली, मी विचारलं नाही.
अठराच्या चौकोनात, दुकालूच्या नावासमोर:
गै.
एकोणीसला गै. वीसला गै.
मेलेल्या माणसानं महिनाअखेर
चौदा खाडे केलेले.

मी सवयीनं टाइप केलं,
विषय : अपघाती मृत्यूबाबत.

'अपघात नका लिहू.'
बालामणी उठून उभ्या राहिल्या.
'दोन दिवस पावसानं भिजून वर ढीग फुगलेला,
खाली माणूस, कमरेला दोर नाय.
आदल्या दिवशी त्यानं दोर मागितलेला.
मुकादम म्हणला, तुझ्या पगारातनं कापू का?
ह्याला तुमच्यात काय म्हणतात
ते लिहा की ओ.'

वारसनोंद, अतिक्रमण, पाणंद, नावात बदल,
शब्द माझ्याकडं पोत्यानं आहेत.
खून लिहावं तर खिडकीतला म्हणणार, चौकीत जा.
हयगय लिहावं
तर सुकवारो समोर बसलेली.
तिनं कार्बनच्या पाठीवर बोट ठेवलं,
वास घेतला,
पदराला पुसलं.

मी तो कागद फाडला. नवा चढवला.
'विषय :' पुढं स्पेसबार दाबत गेलो,
आठ, दहा, चौदा वेळा,
आणि मग पूर्णविराम.
पैसे नको म्हटलं.
बालामणींनी चाळीस मोजून मशीनवर ठेवले.
'फुकटचा अर्ज लागत नाय.'

आवकच्या खिडकीत कारकून वाचता वाचता थांबला.
'इथं जागा का सोडलीय?'
'ती सायबांनी भरायची.
आम्ही बसतो तवर.'
व्हरांड्यात सोळा बायकांनी
मांडीवर सुपं घेतली.
शिपाई म्हणाला, इथं विड्या वळायच्या नाहीत.
एकीनं त्याला पान कापून दाखवलं.

चार सोमवार झाले.
वर गेलेली प्रत कुठल्या टेबलावर आहे, ठाऊक नाही.
दुसरी सुकवारोच्या ट्रंकेत.
तिसरी माझ्याकडं आहे, फिकट,
दुकालूचं नाव उजेडात धरल्याशिवाय लागत नाही.
जागा मात्र
तिन्ही प्रतींत सारखीच उमटलीय.