कारण

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. एकोणीस वर्षं.
मशीनचा 'ज्ञ' अडकतो,
म्हणून प्रतिज्ञापत्र दोनदा ठोकावं लागतं.

मंजुळा भोये सुरगाण्याहून येते,
पहाटेची एसटी, फडक्यात नागलीची भाकर.
पोटगीची ही अकरावी तारीख.
दर वेळी चिठ्ठीवर एकच शब्द: तहकूब.
एकदा म्हणाली, 'भाऊ, हे जज्जाचं नाव का?'
मी हसलो होतो.
हसायला नको होतं.

यंदा आतल्या खिडकीवर नवा नियम लागला,
तारीख पुढे ढकलली तर कारण लिहायचं,
मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली सही.
वकील कुरकुरले. कारकून आठवडाभर
पेनाचं टोपण चावत बसला.

आज तिनं चिठ्ठी पुढे केली. मी वाचली:
'समोरची बाजू गैरहजर.
आपली काही चूक नाही.'

'परत वाच.'
वाचलं.
'शेवटचं तेवढंच.'
वाचलं.

ती चप्पल काढून बाकावर बसली.
दहा तारखा तिला वाटत होतं
आपलंच काही चुकतंय,
लुगडं, बोली, उभं राहायची जागा.

निकाल काही लागला नाही.
साडेचारची गाडी होती, गेली ती,
अर्धी भाकर माझ्या टेबलावर विसरून.

पुढचं गिऱ्हाईक अंगठा काढून उभं.
मी शाईची डबी मिटली.
म्हटलं, थांबा,
काय लिहिलंय ते आधी ऐका.