डावी भिंत, उजवी भिंत

शाळा उघडायच्या आठ दिवस आधी मला निरोप येतो.
मी डबे, दोरी, खडू, तीन ब्रश घेऊन
पेठच्या एसटीनं फाट्यावर उतरतो
आणि पुढचे चार किलोमीटर चालतो,
जसा आठवी ते दहावी चाललो.

व्हरांड्यातल्या भिंतीचे दोन भाग आहेत.
डावीकडे आमचे नियम,
उजवीकडे आमच्या अपेक्षा.
डावी बाजू मी पहिल्याच वर्षी पुरी केली.
उजवीला नुसतं शीर्षक झालं, खाली लाल रेघ ओढली
आणि निळा रंग संपला.
मोगल सर म्हणाले, पुढच्या अनुदानात बघू.
मोगल सर रिटायर होऊन पिंपळगावला गेले.
रेघ अजून आहे.

डावीकडचं मला तोंडपाठ.
घंटेनंतर फाटक बंद.
मुलींनी दोन वेण्या, लाल रिबीन. मुलांनी भांग.
मोबाइल सापडल्यास जप्त, पालकाला बोलावणे.
शिस्त हाच दागिना
(यातल्या शि ला मी दोन वर्षं दीर्घ वेलांटी दिली होती,
नववीतल्या एका थविलच्या पोरीनं
शिडीखाली उभं राहून सांगितलं,
काका, ऱ्हस्व).
सलग सात दिवस गैरहजर राहिल्यास
नाव पटावरून कमी.
हा नियम मी दरसाल जाड करतो
आणि दरसाल दिवाळी झाली की
निम्मा वर्ग दिंडोरीकडं निघतो,
जीपच्या टपावर गोधड्या, पिपात नागलीचं पीठ,
द्राक्षाच्या बागेत घड विरळायला.
भुसारे बाई हजेरी घेताना
त्या नावांपुढं पेन्सिलीनं टिंब देतात.
पेन्सिलीबद्दल भिंतीवर काही लिहिलेलं नाही.

मी स्वतः सगळे नियम पाळले होते.
नखं, भांग, वह्यांना खाकी कव्हर.
गणितात एकोणतीस.
माझा नियमांवर राग नाही.
त्यांनी कुठं काय कबूल केलं होतं?

यंदा संस्थेनं कागद पाठवला. लॅमिनेट केलेला.
विद्यार्थ्यांकडून अपेक्षा, एकूण नऊ,
पहिली: आदर्श नागरिक बनावे.
आधी चुना मारून घ्या, नव्या मॅडम म्हणाल्या,
पोरांनी घाण करून ठेवलीय.

घाण म्हणजे कोळसा, वीट, कुठं पानाचा हिरवा रस.
मुतारीला आतून कडी.
विज्ञानाला सर, कोणतेपण.
फरशीवरून पाणी जात असलं तर उशीर धरू नये.
हिरामणनं माझा कंपास द्यावा.
खिचडीत बटाटा, रोज नको, शुक्रवारी.
हिरामणनं दिला नाही अजून.

मी वरून खाली चुना मारत आलो.
कडी गेली, सर गेले, बटाटा गेला.
हिरामणला मारताना हसू आलं.
मग अगदी खाली, फरशीपासून वीतभर वर,
बसूनच लिहिता येईल अशा जागी,
बारीक अक्षरात, शाईच्या पेननं:

अपेक्षा लिहिलंय आणि खाली काहीच नाही.
म्हणजे आमच्याकडून काही नको का?

ब्रश डब्यात सोडला आणि उकिडवा बसलो.
अक्षर ओळखीचं वाटलं नाही.
किती जूनपासून ते तिथं होतं कोण जाणे,
मी शिडीवर चढायचो, डावीकडं बघायचो, उतरायचो.

मॅडमना सांगितलं, तळाला ओल आहे,
चुना धरत नाही.
बघितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत,
चष्मा पुसून आत गेल्या.
कडी केवढ्याला मिळते पेठेत,
हे त्यांनी चहाच्या वेळी विचारलं.

नऊच्या नऊ अपेक्षा वर लिहिल्या, निळ्या,
नागरिकाच्या ग ला सावलीसुद्धा दिली.
मग सगळ्यात बारीक ब्रशनं
त्या दोन ओळींच्या खाली लिहिलं:
पाहिजे.

माझा दर अक्षराला चार रुपये.
ही तीन बिलात धरली नाहीत.