मूक रीळ, डबा सहाशे सतरा

पेडर रोडच्या तळघरात
बारा अंशांवर देश ठेवलेला असतो.
मे महिन्यातही मी स्वेटर घालून उतरते.
डबा उघडला की आधी वास येतो,
बरणीत शिरका उतू गेल्यासारखा.
वास आला म्हणजे फिल्म मरायला लागली,
एवढंच प्रशिक्षणात शिकवलेलं.

झाकणावर कुणाचं तरी वळणदार अक्षर:
'नागरी विमानवाहतूक, सांताक्रूझ. मूक.'
खाली दुसऱ्या शाईत: 'ध्वनिरीळ मिळत नाही.'
म्हणजे निवेदक गेला,
'गगनाला गवसणी' म्हणणारा तो भारदस्त घसा,
सनई गेली, टाळ्या गेल्या.
उरलं नऊ मिनिटं चाळीस सेकंद, नुसतं दिसणं.

शॉटांची यादी करते मी, पगार त्याचाच.
शॉट एक: वाऱ्याची पिशवी, अर्धी फुगलेली.
शॉट चार: पाहुण्यांना हार. एकाचा चष्मा झेंडूत अडकतो.
शॉट सात: शिडी, हवाईसुंदरी.
वारा पदर मागतो, ती देत नाही.
शॉट अकरा: धावपट्टी, उतरणारं डकोटा
आणि डाव्या कोपऱ्यात शेळ्या.

कॅमेरामनला शेळ्या नको होत्या.
त्यानं घाईनं कॅमेरा उजवीकडे ओढलाय,
तरी शेवटची शेळी
आणि तिच्यामागे धावणारा एक फ्रॉक
बारा फ्रेम राहून गेलाय.
बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद.

इस्परांसबाई किन्नी आल्या त्या गुरुवारी,
सहार गावठाणातून, नातवाची सुट्टी बघून.
डॅरिल विमानात बॅगा चढवतो;
तो दारातच मोबाइल बघत उभा.
बाईंनी नाक वर केलं:
"इंदयाल केलाय का कोणी?"
मी म्हटलं, फिल्मचा वास आहे.
त्यांना पटलं नाही.

टेबलावर रीळ फिरवलं. हार, चष्मा, शिडी.
बाई जांभई देत होत्या.
अकराव्याला म्हणाल्या, "थांबव."
बोट काचेवर, नखात हळद.
"हा फ्रॉक आयसनं शिवलेला.
लढाईतल्या छत्रीचं कापड होतं,
इस्त्री धरायचं नाय, घाम धरायचं नाय.
आणि ही बाबली. दूध कमी, नखरे भारी."

मग विचारलं, "आवाज कुठाय?"
हरवला, मी म्हटलं.
"हरवेल कसा?" बाई रागावल्याच.
खुर्चीत सरसावून बसल्या.
"आधी फळीवरची भांडी बोलायची.
पितळी पहिली, मग जर्मनची.
मग कोंबड्या गप.
मग बापूस बांधावरून ओरडायचा, पोरी, शेळ्या!
आणि आम्ही पळायचो, हाऽट, हाऽट, हुर्रर्र..."

ते हुर्रर्र एवढं मोठ्यानं आलं
की वरच्या मजल्यावरचे पेडणेकर जिना उतरून आले.
डॅरिलनं मोबाइल खिशात टाकला.
बाई काचेकडे बघत ओरडतच होत्या,
चित्र तर कधीच थांबलेलं.
"विमानाचा आवाज सगळ्यात शेवटी," त्या म्हणाल्या,
"तवर ते उतरलेलं पण असायचं."

निघताना म्हणाल्या, परत मागं फिरव ना,
शेळ्या येऊ देत.
मी सांगितलं, आमच्याकडे रीळ उलटं नाही गुंडाळत.
शेवट बाहेर ठेवूनच डब्यात जातं,
फिल्म जरा जास्त टिकते म्हणे.
"म्हणजे पुढचा माणूस फिरवणार?"
पुढचा माणूस.
त्यांनी मान हलवली, पिशवीतून दोन चिकू काढले,
एक मला, एक पेडणेकरांना.

संध्याकाळी फॉर्म भरला.
विषय: विमानवाहतूक. स्थळ: सांताक्रूझ.
ध्वनी, या रकान्यात 'नाही' छापूनच आलेलं.
ते खोडायला साहेबांची सही लागते.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
भांडी. कोंबड्या. बापूस. हाऽट.
मग, खूप नंतर, विमान.