कृपया शत्रू आणू नये

समितीचं पत्र मार्चमध्येच आलं होतं.
तंबू चालेल. जीप चालेल, तेल गळत नसेल तर.
बंदुका चालतील, नळी बुजवलेल्या.
आणि शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ:
कृपया शत्रू आणू नये.

म्हणून एफ्रेन आज पार्किंगमध्ये आहे,
पिवळं चकचकीत जॅकेट घालून गाड्या वळवतोय.
एरवी तोच आमचा जपानी.
लिलावात मिळालेला तो अंगरखा
आमच्यात फक्त त्याच्याच खांद्यांना बसतो,
एवढंच कारण.
त्याचे आजोबा तीन वर्षं डोंगरात लपून लढले,
हे तो कुणाला सांगत नाही.
अंगरख्याची घडी मात्र फार जपून घालतो.

स्टॉकटनचा जून. दहा वाजताच
हेल्मेटवर अंडं तळून निघेल असं ऊन.
शेजारी सळईवर अख्खं डुक्कर फिरतंय,
पलीकडे कॅराओकेवर कुणाचा तरी काका
सूर सोडून बाकी सगळं लावतोय.
आणि आम्ही सहा जण
लोकरी मोजे, पायांना कॅनव्हासचे पट्टे,
एकोणीसशे चव्वेचाळीस सालात उभे.
मारिव्हिक परिचारिका झालीय.
मी कॉर्पोरल.
सोमवारी पुन्हा कवळ्या करायला बसेन.

एक आठ वर्षांचा मुलगा येतो.
सगळ्या बंदुकांची नावं त्याला पाठ.
"ही रीलोड व्हायला किती सेकंद?"
मी सांगतो. तो खेदाने मान हलवतो:
गेममध्ये लवकर होते.
मग बोलोकडे बोट दाखवून, हे काय?
कोयता, मी म्हणतो. याने ऊस तोडायचे,
नारळ फोडायचे, आणि
त्याची आई त्याला आईस्क्रीमकडे ओढून नेते.

लोला नेमेसिया आली दुपारी,
चाकांच्या खुर्चीतून, मांडीवर पर्स आणि पंखा.
तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं.
"फार जाड आहेस," म्हणाली.
"असा शिपाई आमच्या गावात आला असता
तर आम्ही त्याला मेयर समजलो असतो."
सगळे हसले. मी पोट आत घेतलं.

बंदुकीला तिने हात लावला नाही, जीपलाही नाही.
शिध्याचा डबा उचलला, कानाशी हलवला.
"रिकामा?"
नमुना आहे, लोला. लेबल मात्र हुबेहूब छापलंय.
"लेबल," ती म्हणाली,
आणि डबा जिथून उचलला होता
तिथेच, त्याच गोल खुणेवर, परत ठेवला.
लष्कर पोटावर चालतं,
असं आमच्या पाटीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं.

मग वाकून तिने टेबलक्लॉथ वर उचलला.
टेबलाखाली पाहिलं. जीपमागे पाहिलं.
तंबूतल्या अंधारात बराच वेळ पाहिलं.
"ते कुठे आहेत?"
कोण, लोला?
"ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
समितीने, मी सुरुवात केली, समितीचं म्हणणं असं की
"मग तुम्ही सगळे," ती म्हणाली,
"कुणाची वाट बघत उभे आहात?"

तेवढ्यात एफ्रेन आला,
गळ्यात शिट्टी, ट्रेमध्ये हालो-हालोचे सात पेले.
"हा कोण?"
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, पार्किंगवाला.
तिने त्याच्या हातून पेला घेतला,
जांभळ्या आईस्क्रीमचा एक चमचा खाल्ला,
दुसरा खाल्ला.
"गाड्या नीट लावतोस?"
हो, लोला.
"मग बरं."
आणि नातीला खूण केली, चल.

संध्याकाळी तंबू उतरवला. खिळे मोजले, एक कमी.
एफ्रेनने सामान ठेवायला स्वतःच्या गाडीची डिकी उघडली
तर तिथे पातळ कागदात गुंडाळलेला
तोच, दिवसभर उन्हात तापलेला.
"आणला होतास?"
"घरी एकटा ठेववत नाही," तो म्हणाला,
आणि डिकी हलकेच लावली.

जीप सुरू होईना. सातही जणांनी ढकलली.
मागे गवतावर तेलाचा काळा डाग राहिला,
पत्रात ज्याला स्पष्ट मनाई होती.