उलटा वाचलेला फलक

नियम मी उलट्या बाजूने शिकले.
आधी हाडं, मग फलक.

गावच्या दवाखान्यात एक्स-रेच्या काचेमागे
अठरा वर्षं उभी आहे.
बर्फ विरघळलं की शनिवारी दुपारी चारनंतर
आधी चिखलाचे बूट आत येतात,
त्यांच्यामागून, खांदा सांभाळत, माणूस.
मी म्हणते, श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
एवढंच.

जंगलात मात्र कधी गेले नव्हते.
परवा गेले.
मिशिगनच्या पार वरच्या टोकाला
डांबर संपतं तिथे हिरवा फलक आहे,
छर्ऱ्यांची तीन भोकं पडलेला.
कुणी तरी नियमांवर नेम धरून पाहिला होता.

वाचत गेले.
हेल्मेट घाला. हो, बाबांनो, घाला.
चिखलाच्या महिन्यात वाट बंद.
घोडा दिसला तर बाजूला व्हा, इंजिन बंद करा.
ओढा पुलावरूनच ओलांडा.
याचा फोटो माझ्याकडे नाही,
माशांची अंडी एक्स-रेला येत नाहीत.
एका सीटवर एकच जण.
हा तर मला तोंडपाठ,
फक्त कॉलरबोनच्या भाषेत.

वाटेच्या तोंडाशी दोन खांब,
मधे पन्नास इंच.
त्याहून रुंद गाडी आत जात नाही,
हुज्जत घालायला तिथे माणूसच नको.
तरी माणूस होता: एइनो कांगास,
वय शहात्तर, हातात करवत, खिशात पुट्टीचा डबा.
"ओळखलंस का, वायजी?"
वैजयंती हे नाव इथे एवढंच उरतं.
म्हटलं, चेहरा राहू दे, मनगट दाखव.
दाखवलं. अंगठ्याखाली किंचित वाकडं.
हां. पाच वर्षांपूर्वीचं. डावं. ऑक्टोबर.
तो इतका हसला की करवत खाली ठेवावी लागली.

तेवढ्यात एक लाल गाडी आली,
एका सीटची, वर दोघं.
बाप, आणि पाठीला चिकटलेली आठ-नऊ वर्षांची पोर,
भावाचं हेल्मेट मानेवर डुगडुगतंय.
एइनोनं नुसतं फलकाकडे बोट केलं.
"फक्त पुलापर्यंत," बाप म्हणाला.

फक्त.
माझ्या टेबलावर सगळ्या गोष्टी या शब्दापासून सुरू होतात.
फक्त एक चक्कर. फक्त हळू. फक्त मेव्हण्याला दाखवायला.

मला भाषण येत नाही.
मी पोरीला म्हटलं, इथे बोट ठेव, गळ्याच्या खाली.
लागलं हाड? केवढं आहे?
तिनं चाचपलं. मग आपली करंगळी बघितली.
मग पुन्हा चाचपलं.
बापाने किल्ली फिरवली.
जंगलाचा आवाज एकदम आला, जसा
फ्रिज बंद पडल्यावर घराचा येतो.

ती दोघं पुलापर्यंत चालत गेली.
पोर पुढे, हेल्मेट काढायचं विसरलेली,
बाप मागे, तोंड वाकडं करून.
पुढच्या शनिवारचं मी सांगू शकत नाही.
मी ड्यूटीवर असेन.

मग एइनोनं पुट्टी काढली.
फलक एका बाजूने सैल झाला होता,
मला म्हणाला, दोन्ही हातांनी दाब जरा.
पहिलं भोक "नका" या शब्दात होतं, मधोमध.
वाकड्या मनगटाने तो बुजवायला लागला,
जीभ दातात, नजर स्थिर,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"श्वास घे.
धरून ठेव."

मी धरून ठेवला.
पुलाकडून पोरीचा आवाज येत होता,
काही तरी मोजत होती, मासे असावेत.

तो काही "सोड" म्हणेना.