शिवणीतली माया

सर्जनला इथे डॉक्टर नाही, मिस्टर म्हणतात.
मिस्टर ऑल्डर्स्ली, लीड्स, दुसरा मजला.
खाली पावाची बेकरी. वर मी,
सहासष्टाव्या वर्षी, मानेला कागदी टॉवेल बांधून.

त्यांनी जांभळ्या पेनाने रेघा मारल्या
कानापुढून, कानामागून, केसांत शिरून नाहीशा होणाऱ्या.
मला त्या वाचता आल्या.
हडर्सफील्डच्या माझ्या दुकानात
पस्तीस वर्षं मी खडूने हेच करते:
कमरेत घ्या, कमरेत सोडा, बाही वर, बाही खाली.
अंग बदलतं, आणि गिऱ्हाईक कपड्यावर चिडतं.

म्हणून सवयीने विचारलं, माया किती ठेवता?
आणि अडले.
माया म्हणजे शिवणीच्या आतलं बोटभर कापड,
मुद्दाम न कापलेलं,
पुढे कधी अंग भरलं तर उसवून सोडायला.
आई म्हणायची, मायेवाचून शिवलेलं पोलकं एका दिवाळीचं.
हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं?
म्हटलं, एक्स्ट्रा.
ते हसले. एक्स्ट्रा आम्ही कापून टाकतो, म्हणाले,
त्याचेच तर पैसे.
अकरा हजार चारशे पौंड, भूल धरून.

ओठांवरच्या उभ्या चुण्या मात्र यात जात नाहीत.
त्या टाचण्यांच्या आहेत.
सहा-सहा टाचण्या तोंडात धरून बसायची मी,
आणि त्याच तोंडाने श्रीधरशी भांडायची,
एकही न सांडता.

मग त्यांनी दोन बोटं कानांपाशी ठेवून
गाल हलकेच मागे घेतले
आणि हातातल्या आरशात
हेमू आली.

दोनदा व्हिसा नाकारलेली माझी धाकटी बहीण,
मिरजेच्या वॉर्डात चौतिसाव्या वर्षी संपलेली,
ती अशी अचानक लीड्सला,
किंचित वैतागलेली, जणू मीच उशीर केला.

त्यांनी बोटं काढली. ती गेली.
पुन्हा एकदा दाखवा, म्हटलं.
त्यांना वाटलं, पसंत पडलं.

परतीच्या गाडीत मोर्लीच्या बोगद्यात
खिडकी काळी झाली तेव्हा
मी माझ्याच बोटांनी करून पाहिलं.
नीट जमेना. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने मी.
समोरच्या माणसाने भलत्याच सभ्यपणे
मोबाईलमध्ये मान घातली.

श्रीधर म्हणाला, तेवढ्यात अख्खं छप्पर नवं होतं.
मग माझ्याकडे पाहून गडबडला
आणि न विचारता चहा टाकायला उठला.
हेमूचं मी त्याला सांगितलं नाही.
रोज सकाळी दात घासताना
ती समोर उभी राहिली तर चालेल का मला,
हे त्याला काय विचारायचं?
आणि तिला तरी चालेल का,
माझ्या या चुण्या ओठांवर घेऊन उभं राहणं?

विचाराला चौदा दिवस देतात. आज तेरावा.
मिसेस ऑलरेनशॉ लेकीच्या लग्नातला हिरवा ड्रेस घेऊन आल्या,
नातीच्या लग्नात घालायचाय, मावत नाही.
मी बाजूची शिवण उसवली.
आत सुदैवाने माया होती, दीड बोट,
आणि तिचा हिरवा
असा, की बाहेरचा हिरवा
इतकी वर्षं हिरवाच कसा वाटला मला?
आता ही पट्टी दिसणार, त्यांना म्हटलं,
दोन्ही कडांना, काखेपासून खालपर्यंत.
दिसू दे, म्हणाल्या. हात खालीच ठेवीन.
आणि लगेच: नाचताना वर जातील, नाही का?

आता त्या स्टुलावर उभ्या आहेत, हात वर करून,
तीन आरशांत तीन मिसेस ऑलरेनशॉ,
आणि प्रत्येकीच्या पायाशी मी, थोडी थोडी.
काउंटरवर फोन वाजतोय. लीड्सचा नंबर.
घ्या ना, मी थांबते, त्या म्हणतात.

माझ्या तोंडात सहा टाचण्या आहेत.